मालकालाही नाही म्हणणारा नियम

बारामतीच्या एमआयडीसीत, लेथवाल्याच्या आणि पाइपवाल्याच्या शेडमधल्या बोळात एक बसकी इमारत होती. नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी तिथं कॉम्प्युटरवर कामाला होते. आमच्याकडं चपला बाहेर काढून आत जायचं आणि आत गारेगार असायचं, म्हणून शेजारचे वेल्डर आम्हाला 'देवळातली माणसं' म्हणायचे. गारवा आमच्यासाठी नव्हता, मशीनसाठी होता. मशीनला सोसत नाही म्हणून आम्हालाही पंख्याच्या वरचं सुख मिळत होतं, एवढंच.

काम पाण्याचं होतं. कालव्याच्या प्रत्येक फाट्यावर शेतकऱ्यांची एकेक पाणी संस्था असते. आवर्तन, म्हणजे कालव्याचं ठरावीक दिवसांचं पाणी, सुटलं की कुणाच्या रानात कुठल्या वारी, किती वाजता, किती वेळ पाणी जाणार हे ठरवून लिहावं लागतं. त्याला पाळीपत्रक म्हणतात. पूर्वी संस्थांचे सचिव ते हातानं लिहायचे आणि हातानंच खोडायचे. आमच्या मालकांनी, म्हणजे साहेबांनी, बऱ्याच संस्थांचं हे काम अंगावर घेतलं होतं. पाळ्या आमच्या मशीनमध्ये, आवर्तनाच्या आधी छापील यादी संस्थेला आणि एक प्रत कॅनॉल ऑफिसला. कॅनॉल ऑफिसला यादी वेळेत गेली नाही तर दारं उघडणारा पाटकरी सरळ वरून पाणी सोडायचा. ज्याचं दार आधी त्याचं पाणी आधी, आणि शेवटच्याचं नशीब.

शेवटचे म्हणजे कोण, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मी कळंबची. माझ्या मामांचं रान शेळगावच्या अंगाला, चारीच्या अगदी टोकाला. टोकाला आमच्याकडं टेल म्हणतात. वर हेडला मोठमोठे ऊसवाले, त्यांच्या मोटारी, त्यांची फोडलेली दारं, आणि ते सगळं करून उरलं तर टेलला पाणी. टेलच्या माणसाकडं पाळीपत्रकातली एक ओळ सोडली तर दुसरं काहीच नसतं. त्या ओळीवर बोट ठेवून तो पाटकऱ्याशी भांडू शकतो.

मला नोकरी लागल्याचं कळलं तेव्हा मामा शेंगांची पिशवी घेऊन घरी आले. पाणी प्यायले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "म्हंजी यादी आता तुझ्या हातात का?"

"माझ्या नाही मामा, मशीनच्या."

"आन मशीनला कुणी येऊन सांगितलं, ह्येची वळ खाली घे, त्येची वर घे, तर?"

"मशीननं कुणाचं ऐकायचंच नाही, असं करणार आहे मी."

मामांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली. "तसं कर बाई," ते म्हणाले. "माझं पाणी तेवढं कागदावरच हाय. कागदावरनं गेलं की गेलं."

मी हो म्हणाले. चोविशीतलं माणूस कशालाही हो म्हणतं. पण मला खरंच तसं करता येणार होतं, कारण आमचं मशीन वेगळं होतं. पुण्याच्या कुठल्या तरी कंपनीनं टाकलेलं, साहेबांनी स्वस्तात उचललेलं ते जुनं युनिक्सचं मशीन फार कडक कामासाठी घडवलेलं होतं. साहेबांना त्याची किंमत आवडली होती. त्याच्याबरोबर आलेला विटेएवढा जाड मॅन्युअलचा गठ्ठा मी वाचला, कारण दुसरं कुणी तो वाचणार नव्हतं.

साध्या कॉम्प्युटरवर ज्याची फाइल त्याची मर्जी. मालकानं म्हटलं ह्याला दाखव, की दाखवलं. म्हटलं त्याला बदलू दे, की बदललं. आणि सगळ्यांच्या वर मोठ्या मालकाचं एक खातं असतं, त्याला तर कुणी काही विचारतच नाही. आमच्या मशीनवर मर्जीच्या डोक्यावर आणखी एक नियम बसवता यायचा. मॅन्युअलमध्ये त्याला मँडेटरी ॲक्सेस कंट्रोल म्हटलं होतं. मी मनात त्याला सक्तीची राखण म्हणायची. जे करू द्यायचं ते आधी लिहून ठेवायचं. जे लिहिलेलं नाही ते कुणालाच करता येणार नाही, मोठ्या मालकालाही नाही. नियम माणूस बघत नाही, कुठला प्रोग्रॅम कुठल्या वस्तूला हात लावतोय ते बघतो.

मला ते वाचून काय वाटलं ते सरळ सांगते. मला आनंदानं रडू आलं. आमच्या वस्तीच्या कितीतरी पिढ्या कुणाच्या ना कुणाच्या मर्जीवर पाणी प्यायल्या. मर्जी चांगली असली तरी ती मर्जीच. एवढ्या मोठ्या पुस्तकात कुणीतरी शांतपणे लिहून ठेवलं होतं की मालकाच्या वरही नियम असू शकतो, आणि तो कसा लिहायचा तेही पुढं दिलं होतं.

मशीनच्या पोटात डिस्कचे सहा डबे होते, कडीला धरून ओढले की बाहेर येणारे. पण संस्थांचा डेटा डब्याडब्याला वाटलेला नव्हता. सगळे डबे एकत्र धरून त्यात प्रत्येक संस्थेसाठी एकेक खण पाडणारा एक प्रोग्रॅम होता. खण वाढवायचा, आक्रसायचा, एक खण दोन डब्यांत पसरायचा, हे सगळं तोच करायचा. मी त्याला कारभारी म्हणायची. बाकीचे प्रोग्रॅम खणाच्या दारातून आत जातात. कारभारी जमिनीखालून जातो, त्याला सगळ्या खणांचा तळ उघडा. तेव्हा कारभाऱ्यालाच आधी बांधायला हवं, नाहीतर कुंपणच शेत खायचं.

मी नियम लिहिले. कारभाऱ्याला बदल सांगायचा तर साहेबांचा आणि माझा, असे दोन परवलीचे शब्द लागतील. एका संस्थेचा खण दुसऱ्या संस्थेसाठी उघडणार नाही. मंजूर झालेली पाळी त्या संस्थेच्या माणसांशिवाय हलणार नाही. आणि कारभाऱ्यानं हे सहा डबे ह्याच सहा जागी असतील तरच त्यांना हात लावायचा. कुणी डबा उपसला, दुसरा आणून ठेवला, अदलाबदल केली, तर सगळे खण बंद. साहेबांनी सही करताना विचारलं, "एवढं कशाला?" मी म्हणाले, "चोरी झाली तर?" एमआयडीसीत तांब्याच्या तारा चोरीला जायच्या, त्यामुळं त्यांना ते पटलं.

मशीनच्या खोलीत माझ्याबरोबर तात्या होते. वयानं माझ्या वडलांएवढे. आधी एका वर्कशॉपात फिटर होते, तिथं बोट गेलं म्हणून साहेबांकडं आले. बॅटऱ्या बघायचे, प्रिंटरला कागद लावायचे, मशीन चालू-बंद करायचे. पहिल्या दिवशी त्यांनी मला गाव विचारलं, मग आडनाव विचारलं, मग कळंबात नेमकं कुठं ते विचारलं. आमच्या भागात ही तीन प्रश्नांची चाळणी सगळ्यांना लागते. तिसऱ्या उत्तरानंतर त्यांनी नुसती मान हलवली. पण हेही सांगितलं पाहिजे की त्यांनी माझा ग्लास कधी वेगळा ठेवला नाही. डब्यातली लसणाची चटणी ते आपल्या हातानं माझ्या भाकरीवर ठेवायचे. मला ते माणूस आवडायचं.

नियम बसल्यावर थोड्याच दिवसांत वरच्या अंगाच्या एका संस्थेचे चेअरमन आले. पांढरे कपडे, जीप, सोबत दोघंतिघं. शेळगावकडच्या टेलच्या संस्थेची यादी त्यांना बघायची होती. "नुसती बघायचीय, खातो का काय मी?" ते म्हणाले. साहेब स्वतः कीबोर्डवर बसले. मशीननं परवानगी नाकारली. साहेबांनी मोठ्या मालकाच्या नावानं पुन्हा करून बघितलं, मशीननं पुन्हा नाकारली. साहेब हसायला लागले. "बघा चेअरमन! माझं मशीन मलाच नाही म्हणतंय!" त्यांना त्या वेळी खरोखर कौतुक वाटलं होतं.

चेअरमन हसले नाहीत. "सायेब, बैल तुमचा आन कासरा दुसऱ्याच्या हातात, ह्ये कसलं वो?" मग माझ्याकडं वळून त्यांनी तेच तीन प्रश्न विचारले. तिसऱ्या उत्तरावर ते "बरं, बरं" म्हणाले. ते बरं कसलं असतं, ते मला लहानपणापासून माहीत आहे. त्यानंतर साहेब ती गोष्ट कुणाला सांगताना हसायचे नाहीत.

मग दसरा आला. दसऱ्याला आमच्या घरची आणि वस्तीतली माणसं नागपूरला दीक्षाभूमीवर जातात. दौंडला गाडी पकडायची, म्हणजे एक दिवस आधी निघावं लागतं. मी रजा मागितली. साहेब म्हणाले, "खंडेनवमीलाच जाणार? पूजा असते आपल्याकडं."

"आमचाही दसराच असतो साहेब," मी म्हणाले. त्यांनी रजा दिली, पण कागद माझ्या हातात न देता टेबलावर सरकवला. जाताना मी तात्यांना म्हणाले, मशीन नेहमीसारखं बंद करा, हळदकुंकू वरच्या पत्र्याला लावा. "मला काय कळत न्हाय व्हय?" ते म्हणाले.

पुढं काय झालं ते मला नंतर कळलं. आदल्या वर्षीपर्यंत मशीनच्या पत्र्याला फूल लावून भागायचं. या वर्षी साहेबांच्या घरच्या बाई पूजेला येणार होत्या, संस्थांची माणसं येणार होती. आणि तात्या मूळचे फिटर. वर्कशॉपात खंडेनवमीला पान्यापासून छिन्नीपर्यंत सगळं पेटीतून बाहेर काढतात, पुसून लखलखीत करतात, पाटावर ओळीनं मांडतात आणि मग पूजा करतात. पेटीसकट पूजा केली तर ती अवजाराची झाली का पेटीची? तात्यांनी मशीन बंद केलं, कड्यांना धरून सहाही डबे बाहेर काढले आणि ओल्या फडक्यानं पुसले. डब्यांवर मी स्केचपेननं आकडे घातले होते, ते त्यात गेले. पाटावर डबे मांडले, हळदकुंकू, झेंडूची फुलं, नारळ. दसऱ्याचं सोनं वाटून झाल्यावर त्यांनी डबे परत आत सारले. सहा सारखे डबे, सहा सारखी भोकं. त्यात इकडचं तिकडं व्हायचंच.

त्या पुसण्याबद्दल मला आजही राग नाही. जीव लावून पुसले असणार त्यांनी. राग आहे तो पुढच्याचा.

मी परत आले तेव्हा बोळात जीप उभ्या होत्या. रब्बीच्या आवर्तनाच्या याद्या करायला घ्यायच्या होत्या आणि मशीन एकही खण उघडत नव्हतं. आत साहेब, चेअरमन आणि आणखी दोन संस्थांचे सचिव. पडद्यावर एकाखाली एक 'परवानगी नाकारली'. मी पिशवी खाली ठेवायच्या आत साहेब म्हणाले, "जाताना काय करून गेलीस?"

"मी? काही नाही."

"मग तू गेलीस आणि बंद कसं पडलं? तू नसताना चालूच होऊ नये असं काही करून ठेवलंस का?"

मी मशीनकडं बघितलं. डबे आरशासारखे स्वच्छ होते. प्रत्येकाच्या कडीवर हळदकुंकवाची बोटं उठलेली होती. एका फटीत झेंडूची पाकळी अडकलेली, आणि माझे आकडे कुठंच नव्हते. काय झालंय ते तिथंच कळलं, आणि मला हायसं वाटलं. बिघाड नव्हताच. मशीन त्याला सांगितलेलं काम चोख करत होतं.

"साहेब, पूजेला डबे बाहेर काढले होते. परत ठेवताना जागा बदलल्यात. अर्धा तास द्या, डब्यांच्या आतल्या खुणा बघून बरोबर लावते," मी म्हणाले. मग तात्यांकडं वळून विचारलं, "काढले होते ना तात्या?"

तात्यांनी आधी साहेबांकडं बघितलं, मग चेअरमनकडं. "न्हाय," ते म्हणाले. "म्या नुसतं वरनं कुकू लावलं."

पूजेच्या दिवशी डझनभर माणसांनी तो पाट बघितला होता. साहेबांनी स्वतः नारळ फोडला होता. मी साहेबांना म्हणाले, "तुम्ही होतात ना तिथं."

तेव्हा साहेबांचा चेहरा बदलला. "पूजेनं मशीन बिघडतं का?" ते म्हणाले. "तुमच्यात हे नसतं, म्हणून तुला बरोब्बर पूजाच दिसली."

मला वाटलं होतं मी डब्यांबद्दल बोलतेय. त्या एका वाक्यात मी त्यांच्या देवाबद्दल बोलणारी झाले. तेच वाक्य तात्या बोलले असते, पुण्याचा कुणी बोलला असता, तर लोक हसले असते, डबे लावून चहा प्यायले असते. माझ्या तोंडून निघालं आणि ते खोटं नसूनही कुणाला चालणारं राहिलं नाही. मी गप्प बसले. गप्प बसायला नको होतं असं लोक म्हणतात. लोकांना म्हणायला काय जातंय.

पुण्याहून इंजिनिअर बोलावला. तरुण, घाईत असलेला माणूस. मी त्याला डब्यांचं सांगितलं, त्यानं ऐकूनही घेतलं, पण त्याला परतीची गाडी गाठायची होती. स्वतःजवळची एक फ्लॉपी घालून त्यानं मशीन वेगळ्या तऱ्हेनं चालू केलं. त्या तऱ्हेत नियम जागाच असतो, पण कुणाला अडवत नाही, नुसता बघत राहतो. कारभारी मोकळा झाला. डब्यांवरच्या आतल्या खुणा ओळखून त्यानं सगळे खण उघडले, डबे उलटेपालटे होते तसेच. टाळ्या वाजल्या. "म्हणजे घोळ हिच्या नियमाचाच होता," साहेब म्हणाले. डबे कुणी उपसले तर दार उघडायचं नाही, यासाठीच तर तो नियम होता. राखणदारानं ओळख पटेना म्हणून अडवलं, तर दोष राखणदाराचा. ज्याच्या हाती ससा तो पारधी.

त्या दिवसापासून मला बाहेरच्या खोलीत बसवलं. नावं टाइप करायची, यादी तपासायची. मशीनच्या खोलीत तात्या. माझी खुर्ची काचेच्या दाराबाहेर होती, आतलं सगळं दिसायचं. चेअरमन आता आठवड्यातून एकदोनदा यायचे. साहेब त्यांना टेलच्या यादीची पानं उघडून दाखवायचे. चेअरमन पडद्यावर बोट ठेवून काही विचारायचे आणि साहेब मान डोलवायचे. या आवर्तनाची यादी संस्थेच्या बैठकीत मंजूर होऊन गावच्या फळ्यावर लागली होती, ती हलवणं सोपं नव्हतं. पण पुढच्या आवर्तनाची यादी मशीनमधल्या क्रमावरूनच तयार होणार होती. तो क्रम आता उघड्यावर होता.

एकदा नळावर हात धुताना तात्या शेजारी येऊन उभे राहिले. "पोरी, म्याच काढलं हुतं डबं," ते हळूच म्हणाले. "पर सायेबांच्या मंडळींनी सोता कुकू लावल्यालं. म्या कसा बोलू? बोललो असतो तर मला घरी बसवलं असतं."

"आणि मला बसवलं तर चालतंय?"

त्यांनी नळ बंद केला. बंद असलेला नळ पुन्हा पिळला आणि आत गेले. नंतर त्यांनी चटणी द्यायला डबा पुढं केला होता. मी घेतली नाही. तेवढं तरी मला जमलं.

ज्या दिवशी यादी कॅनॉल ऑफिसला द्यायची होती, त्या दिवशी सकाळीच लाईट गेली. लाईट जाणं आमच्याकडं रोजचंच होतं, पण त्या दिवशी ती येईना. बॅटऱ्या संपल्या आणि मशीन बंद पडलं. दुपारी लाईट आल्यावर तात्यांनी ते चालू केलं. आता चालू झालं ते नेहमीच्या तऱ्हेनं, आणि नियम पुन्हा अडवायला लागला. खण बंद. इंजिनिअरची फ्लॉपी पुण्याला, इंजिनिअर फोनवर सापडेना.

साहेबांनी मला हाक मारली. मी काचेच्या दारापर्यंत गेले. माझ्या जुन्या खुर्चीवर चेअरमन बसले होते.

"आत येते. डबे जागेवर लावते. अर्ध्या तासात सुरू होईल," मी दारातूनच म्हणाले.

"डब्यांचं राहू दे," साहेब म्हणाले. "तो नियमच काढून टाक, कायमचा. माझा शब्द मी टाकलाय. तुझा शब्द तात्यांना सांग, ते टाकतील. तुला आत यायची गरज नाही."

"शब्द मी कुणाला सांगणार नाही. आणि नियम काढायची गरज नाही. डबे लावले की सगळं चालतं."

"मशीन कुणाचं आहे?"

"तुमचं."

"मग?"

चेअरमन खुर्चीतच वळले. "बाई, टेलची यादी आज हापिसात गेली न्हाय तर काय हुतं, ठावं हाय ना? तुमच्याच लोकांचं नुकसान. आमाला काय, आमचं दार वरच हाय."

ते खरं होतं, आणि त्यांना ते माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. घड्याळात ऑफिस बंद व्हायला फार वेळ नव्हता. नियम ठेवला तर आज यादी जाणार नाही, या आवर्तनात मामांच्या रानात पाणी नाही. काढला तर यादी जाईल, या वेळी पाणी येईल, आणि पुढं त्या ओळीची राखण करायला काहीच उरणार नाही. मी तात्यांकडं बघितलं. त्यांनी फक्त "डबं म्या काढलं हुतं, पोरीला लावू द्या" एवढं म्हटलं असतं तरी पुष्कळ झालं असतं. ते प्रिंटरचा कागद सरळ करत होते. कागद सरळच होता.

"शब्द मी स्वतः टाकीन," मी म्हणाले.

साहेबांनी चेअरमनकडं बघितलं. मालकाला माझ्यासाठी परवानगी मागावी लागली, हे मी बघितलं. मग ते म्हणाले, "ये."

मी आत गेले. चेअरमन खुर्चीवरून उठले नाहीत, मी वाकून उभ्यानंच टाइप केलं. शब्द टाकला. मशीननं विचारलं, हे सगळे नियम पुसायचे आहेत, नक्की का? ते सगळ्यांना असंच विचारतं, त्यात माया काही नसते. पण त्या खोलीत मला काही विचारणारं तेवढंच होतं. मी होय टाइप केलं. मला त्या वेळी रडायला आलं नाही. या सगळ्यांची थोबाडं फोडावीत असं वाटत होतं, आणि मी बटन दाबत होते.

यादी छापली गेली. तात्या सायकलवरून ती कॅनॉल ऑफिसला देऊन आले. मी साहेबांना सांगितलं की उद्यापासून येत नाही. ते म्हणाले, "बघ, विचार कर." मी बाहेर पडले तरी ते खुर्चीतून उठले नाहीत.

त्या आवर्तनात टेलला पाणी आलं. मामांच्या शेवटच्या वाफ्यापर्यंत आलं. मामा मुद्दाम कळंबला आले, घमेलंभर हरभऱ्याचा पाला घेऊन. "मशीन पक्कं बांधलंस बाई तू," ते म्हणाले. "कवा न्हाय ती वळ जागेवर ऱ्हायली." माझ्या आईसमोर, शेजारच्या बायकांसमोर म्हणाले. त्यांना माझा एवढा अभिमान वाटलेला मी त्याआधी बघितला नव्हता. मी नोकरी सोडल्याचं तेवढं सांगितलं. का, ते सांगितलं नाही. लग्नाचं बघतायत म्हणून, असं आईनं सांगून टाकलं.

पुढच्या आवर्तनाच्या यादीत टेलच्या सगळ्या पाळ्या रात्रीच्या शेवटच्या पहराला गेल्या होत्या, कालवा बंद व्हायच्या तोंडाला. मामांची ओळ कागदावर होती. पण ती पाळी येईपर्यंत चारीत पाणीच उरलं नाही. गहू ओंबीत होता तो तसाच वाळला. आई सांगत होती, मामा चारीच्या कडेला कागद हातात घेऊन बसून होते, पाटकऱ्याला ओळ दाखवत होते, आणि पाटकरी म्हणत होता, कागद बरोबर हाय की बाबा, पाणी न्हाय.

मला वाटलं ते येतील. भांडतील, विचारतील, तू तर म्हणाली हुतीस मशीन कुणाचं ऐकत न्हाय. मी बरेच दिवस उत्तर घोकत बसले होते. मामा आले, पुढं कितीतरी वेळा आले, माझ्या लग्नातही पंगतीत वाढायला उभे राहिले. ते त्याबद्दल एक अक्षर कधी बोलले नाहीत. त्यांना वाटत होतं मी नोकरी सोडली म्हणून पाणी गेलं, मी असते तर गेलं नसतं.